घरच्या कॉम्प्युटरचा आयपी ॲड्रेस: या चार चौकटींत नक्की काय भरायचं असतं?

सांगलीची_हळद | सोमवार, सकाळी १०.२०

मंडळी नमस्कार. वय ६७, बँकेतून रिटायर होऊन सात वर्षं झाली. बँकेत कॉम्प्युटरवर बोटं चालायची पण बिघडला की आयटीवाल्याला फोन, त्यामुळे आतलं काही कळत नाही हे आधीच कबूल करतो म्हणजे नंतर बोलणी बसायला नकोत.

तर पंधरा दिवसांपूर्वी जुनं कनेक्शन बंद करून नवीन फायबर घेतलं. फोनवर नेट चालतंय (बहुतेक वेळा), टीव्हीवर चालतंय, कॉम्प्युटरवर मात्र खाली कोपऱ्यात तो पृथ्वीचा गोळा आणि 'नो इंटरनेट'. जोडणी करणारा मुलगा म्हणतो काका लाइन ओके आहे, तुमच्या कॉम्प्युटरचाच लोच्या. गल्लीतला कॉम्प्युटरवाला म्हणतो कॉम्प्युटर ठणठणीत आहे, लाइनवाल्यांना सांगा. दोघांच्या मध्ये मी.

शेवटी स्वतःच सेटिंगमध्ये घुसलो. खोल आत एक खिडकी उघडली, तिच्यात हे भरलेलं आहे: आयपी ॲड्रेस १९२.१६८.१.५०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, डिफॉल्ट गेटवे १९२.१६८.१.१, डीएनएस ८.८.८.८. हे मी भरलेलं नाही. प्रिंटर जोडायला एक मुलगा आला होता लॉकडाउनच्या आधी, त्याचे उद्योग असावेत.

या चार ओळींचा अर्थ काय आणि त्यात काय असायला हवं? नुसतं 'हे दाबा ते दाबा' नको, समजून घ्यायचंय.

एकच_वाक्य | सोमवार, सकाळी १०.२६

ऑटोमॅटिक करा काका, धागा संपला.

कडूकारलं | सोमवार, सकाळी १०.४१

संपला कसा? माणूस सरळ लिहितोय की समजून घ्यायचंय आणि हे म्हणतात ऑटोमॅटिक करा. नाडी न बघता तापाची गोळी हातावर ठेवणारे डॉक्टर असतात तसले सल्ले.

एकच_वाक्य | सोमवार, सकाळी १०.४३

बऱ्याचदा ताप त्याच गोळीने उतरतो.

शून्यएक | सोमवार, दुपारी १.१५

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, काही राहिलं तर सांगा.

काका, तुम्ही चारही ओळी नीट लिहून दिल्यात हे फार बरं केलंत, लोक नुसतं 'नेट चालत नाही' म्हणतात आणि गप्प बसतात. आता एकेक ओळ. पहिली म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरचा घरातल्या घरातला पत्ता. घरातल्या घरातला हे महत्त्वाचं, १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते बाहेरच्या इंटरनेटवर चालतच नाहीत, ते खासगी वापरासाठी १९९६ साली वेगळे काढून ठेवलेत (१० ने सुरू होणारे सगळे आणि १७२.१६ ते १७२.३१ हेही त्यातलेच). म्हणून तुमचा १९२.१६८.१.५० आणि माझ्या शेजाऱ्याचा १९२.१६८.१.५० एकाच वेळी सुखाने नांदू शकतात, प्रत्येक गावात एक मारुतीचं देऊळ असतं तसं. बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता राउटरला मिळतो, आणि आतल्या सगळ्यांची ये-जा त्या एकाच पत्त्यावरून करून देणं हे राउटरचं काम.

गेटवे म्हणजे राउटरचा घरातल्या बाजूचा पत्ता, बाहेर जायचं दार. डीएनएस म्हणजे नावावरून नंबर सांगणारा, तुम्ही वेबसाइटचं नाव टाकता, तो खरा पत्ता काढून देतो. ८.८.८.८ हा गूगलचा आहे, २००९ पासून कोणालाही फुकट वापरता येतो. मास्कचं जरा लांबलचक आहे, संध्याकाळी लिहितो.

तोवर दोन गोष्टी बघून सांगा. (एक) नवीन राउटरच्या पोटाला स्टिकर असेल, त्यावर लॉगिनसाठी कोणता पत्ता छापलाय? (दोन) फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नावावर टिचकी मारली की खाली आयपी ॲड्रेस दिसतो, तो किती आहे?

जुनापोस्टमन | सोमवार, दुपारी ३.०५

मास्कचं मी सांगू का? आमच्या खात्यातली ३४ वर्षं कामाला येतील.

पिनकोड आठवा. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो बसवला आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, संस्कृतचे कवी आणि नोकरी पोस्ट-तार खात्यात. सांगलीचा ४१६४१६. पहिले तीन आकडे बघितले की सॉर्टिंगवाल्याला कळतं थैली कोणत्या जिल्ह्याकडे टाकायची, शेवटचे तीन नेमकं पोस्ट ऑफिस सांगतात. म्हणजे एकाच नंबरात दोन गोष्टी असतात, भाग आणि ठिकाण. आता आयपी ॲड्रेसमध्ये भाग कुठे संपतो आणि घर कुठे सुरू होतं हे नुसतं बघून कळत नाही, तो मास्क सांगतो. जिथे २५५ तिथवर भाग, जिथे शून्य तिथे घर. तुमच्या २५५.२५५.२५५.० चा अर्थ पहिले तीन गट म्हणजे भाग (१९२.१६८.१) आणि शेवटचा ५० म्हणजे घर नंबर.

पुढची गंमत अशी की कॉम्प्युटर प्रत्येक पाकिटावरचा पत्ता या मास्कमधून बघतो. भाग आपलाच असेल तर हातोहात नेऊन देतो, भाग दुसरा असेल तर गेटवेच्या थैलीत. बीटवरचा पोस्टमन याहून वेगळं काही करत नाही.

(हे मला नातवाने शिकवलं. पिनकोड मी त्याला शिकवला होता.)

शून्यएक | सोमवार, दुपारी ३.२०

दंडवत. मी आता संध्याकाळी मास्कवर काहीही लिहिणार नाही. फक्त एक भर, शेवटच्या गटात ० ते २५५ असे २५६ आकडे बसतात पण ० हा भागाचा स्वतःचा नंबर आणि २५५ म्हणजे 'भागातल्या सगळ्यांना' अशी दवंडी, त्यामुळे घरं २५४ च.

नागपुरी_तर्री | सोमवार, दुपारी ३.३१

डीएनएस १.१.१.१ करा ना भाऊ, माझ्याकडे स्पीड डबल झाला, एवढं पोस्ट-तार खातं कशाला मध्ये.

कडूकारलं | सोमवार, दुपारी ३.५०

डीएनएस बदलून स्पीड डबल होत असता तर कंपन्या १०० चा प्लॅन आणि २०० चा प्लॅन वेगवेगळे विकत बसल्या असत्या का? तो फक्त नंबर शोधून देतो, तेही एकदा. दुकानाचा पत्ता लवकर सापडला म्हणून रांग लहान होत नाही.

नागपुरी_तर्री | सोमवार, दुपारी ४.०२

काय बे, मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं. पेज पटकन उघडते आता.

शून्यएक | सोमवार, दुपारी ४.१०

दोघंही आपापल्या जागी बरोबर. कंपनीचा डीएनएस मठ्ठ असेल तर पान उघडायला सुरुवातच उशिरा होते, एका पानात वीस ठिकाणचा माल असतो म्हणजे वीस नावं शोधायची, ते पटकन झालं की 'स्पीड वाढला' असं वाटतं. मोठी फाइल उतरवून बघा, तिला लागणारा वेळ बहुतेक तेवढाच राहील. पण काकांचा प्रश्न हा नाही.

मैत्रेयी_डोंबिवली | सोमवार, संध्याकाळी ६.४५

मस्त धागा. लोकलमध्ये वाचतेय. काकांना एक सांगायचं, पत्त्याचे पहिले आकडे बघायची सवय लावून घ्या, अर्धं निदान तिथेच होतं. माझ्याकडे मागच्या पावसाळ्यात १६९.२५४ असं काहीतरी दिसायला लागलं. मला वाटलं कोणीतरी हॅक केलं. तर तसं काही नव्हतं, कॉम्प्युटर हाका मारून दमतो, पत्ता द्यायला कोणी येत नाही, मग तो स्वतःच स्वतःला १६९.२५४ मधला एक पत्ता लावून बसतो. म्हणजे वायर नाही तर राउटर, दोघांपैकी एक मुका झालाय. माझ्याकडे वायर निघाली, कपाटामागे उंदराने कुरतडून आतले चार-पाच रंग बाहेर काढले होते.

ऑफिसातल्या एकाने 'तुझं लॅनकार्ड (कॉम्प्युटरमधलं नेटची वायर जोडायचं कार्ड) गेलं, नवं घे' म्हणून ठामपणे सांगितलं होतं. उंदीर मेला नाही अजून, पण लॅनकार्ड आहे तेच आहे.

फोंड्याचो | सोमवार, संध्याकाळी ७.०२

आमच्याकडे जूनमध्ये सगळेच मुके होतात, वायर, राउटर, कस्टमर केअर.

सांगलीची_हळद | सोमवार, रात्री ८.३०

पोस्टमनसाहेब, तुमचं वाचून पहिल्यांदा डोक्यात उजेड पडला. सौ.ला पण वाचून दाखवलं, ती म्हणाली बँकेत असं कोणी समजावलं असतं तर तुम्ही घरी येऊन चिडला नसता.

शून्यएक, तुमची माहिती: स्टिकरवर १९२.१६८.०.१ आहे. फोनमध्ये १९२.१६८.०.१०४ आहे.

शून्यएक | सोमवार, रात्री ८.४४

सापडलं. पोस्टमनकाकांचा मास्क लावून बघा. फोनचा भाग १९२.१६८.०, कॉम्प्युटरचा भाग १९२.१६८.१. एकाच घरात राहून दोघं वेगळ्या मोहल्ल्यात. जुना राउटर 'एक'च्या मोहल्ल्यात बसायचा, त्या प्रिंटरवाल्या मुलाने पत्ता हाताने कोरून ठेवला, पुढे राउटर बदलला आणि कॉम्प्युटर अजून जुन्याच दारावर जाऊन उभा राहतोय.

हाताने कोरलेला पत्ता म्हणजे स्टॅटिक. त्याऐवजी 'ऑब्टेन ॲन आयपी ॲड्रेस ऑटोमॅटिकली' निवडलं की कॉम्प्युटर चालू होताच घरभर हाक मारतो 'कोणी पत्ता देता का', राउटर म्हणतो 'हा घे', कॉम्प्युटर म्हणतो 'बरं हाच घेतो', राउटर म्हणतो 'लिहून ठेवलं'. चार वाक्यांचं संभाषण, त्याला डीएचसीपी म्हणतात. पत्ता कायमचा मिळत नाही, भाड्याने मिळतो, मुदत संपत आली की कॉम्प्युटर आपणहून वाढवून घेतो. गेटवे, मास्क, डीएनएस सगळं त्यातच येतं.

त्याच खिडकीत वरचा गोल आणि खालचा डीएनएसचा गोल, दोन्ही ऑटोमॅटिक करा, ओके दाबून बाहेर या. दुसरा गोल लोक विसरतात.

एकच_वाक्य | सोमवार, रात्री ८.४५

सकाळी १०.२६ चा प्रतिसाद कृपया पुन्हा वाचावा.

कडूकारलं | सोमवार, रात्री ८.५२

बंद पडलेलं घड्याळही...

माडाखाली | सोमवार, रात्री ९.१५

काकांचं झालंच आहे तर माझं घोडं पुढे दामटतो. रत्नागिरीजवळ आमचं गावचं घर, आंब्याच्या दिवसांत राखण म्हणून कॅमेरा बसवलाय, मी असतो ठाण्याला. व्हिडिओ बघून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग का काय ते (बाहेरून येणाऱ्याला थेट कॅमेऱ्याकडे पाठवायची सोय) केलं, बाहेरून काही केल्या दिसत नाही. राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता १००.८१ ने सुरू होतो आणि 'माझा आयपी काय' असं सर्च केलं की भलताच दिसतो. कुठे चुकतंय?

शून्यएक | सोमवार, रात्री ९.३८

तुमचं काहीच चुकत नाही. १०० आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला असला की समजायचं कंपनीने तुम्हाला स्वतंत्र बाहेरचा पत्ता दिलेलाच नाही, शेकडो घरांना मिळून एक दिलाय. तो टप्पा २०१२ साली याच कामासाठी वेगळा काढला. जुने पत्ते ३२ बिटचे (म्हणजे ३२ शून्य-एकांचे), सगळे मिळून ४२९ कोटींच्या आसपास, १९८१ ला हे कागदावर आलं तेव्हा तेवढे कोणाला पुरून उरतील असं वाटलं असेल. ३ फेब्रुवारी २०११ ला मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले. तेव्हापासून काटकसर.

जुनापोस्टमन | सोमवार, रात्री १०.०५

अरे हा तर पीपी नंबर!

तरुण मंडळींसाठी: पूर्वी फोनला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायला लागायचं, त्यामुळे शेजारच्यांचा नंबर द्यायचा आणि पुढे कंसात पीपी लिहायचं. लग्नपत्रिकेत, व्हिजिटिंग कार्डावर, सगळीकडे. तुम्ही शेजारी जाऊन फोन करू शकत होता, अडचण नाही. पण बाहेरून कोणी फोन केला तर उचलणार शेजारी, आणि त्यांना कळलं पाहिजे की कोणाला बोलवायचंय. माडाखाली यांच्या कॅमेऱ्यासाठी बाहेरून फोन येतो, शेजाऱ्याला कॅमेरा कोण हे ठाऊक नाही, तो ठेवून देतो.

माडाखाली | सोमवार, रात्री १०.११

हसून खुर्चीवरून पडायचा बाकी आहे. आमच्या वाडीत एकच फोन होता आणि ते खोत नुसते 'नाहीत' म्हणून आपटायचे, माणूस समोर बसलेला असला तरी.

पण मग उपाय काय?

आयर्लंडवासी | मंगळवार, पहाटे २.४०

(इकडे अजून रात्र व्हायचीय.) मी सांगलीचाच, म्हणून डोकावलो. माडाखाली, तीन वाटा. एक, कंपनीकडून पैसे भरून स्टॅटिक पब्लिक आयपी (न बदलणारा, तुमचा एकट्याचा बाहेरचा पत्ता) घ्या, सगळ्या देत नाहीत. दोन, कॅमेऱ्याच्या कंपनीचं ॲप, त्यात कॅमेराच आतून बाहेर फोन लावून ठेवतो त्यामुळे पीपीची अडचण येत नाही, मात्र तुमच्या अंगणाचं चित्र दुसऱ्याच्या सर्व्हरवरून फिरून येतं हे मान्य असलं पाहिजे. तीन, आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत. तो १२८ बिटचा असल्याने काटकसर करायचं कारणच नाही, प्रत्येक कॅमेऱ्याला, फ्रिजला, वाटलं तर प्रत्येक आंब्याला स्वतःचा जगभर चालणारा पत्ता. आणि याबाबतीत भारत बऱ्याच युरोपियन देशांच्या पुढे आहे, जिओने २०१६ ला सुरुवातच त्यावर केली. फक्त राउटरची फायरवॉल (दारावरचा राखणदार) बाहेरून येणाऱ्याला बहुधा अडवतेच, तिथे कॅमेऱ्यापुरती फट ठेवावी लागते. आणि कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड बदला, हे आधी.

मैत्रेयी_डोंबिवली | मंगळवार, सकाळी ८.५५

पासवर्डवरून आठवलं. आईला फोन आला होता, 'मॅडम तुमचा आयपी ॲड्रेस हॅक झालाय, हे ॲप टाकून घ्या आम्ही दुरुस्त करतो'. आई म्हणाली, 'आमचा पत्ता सोसायटीच्या गेटवर लिहिलाय, तो काय हॅक करायचा' आणि ठेवला. त्या माणसाला १९२.१६८ चा पत्ता माहीत असून उपयोग शून्य, आणि ॲप टाकायला लावणं हाच खरा डाव.

बाकी इथे मदत मागताना स्क्रीनशॉटमध्ये १९२.१६८.१.५ वर काळं फासून टाकणारे बघितलेत. वॅनचा बाहेरचा पत्ता झाका हो, हा कशाला.

नागपुरी_तर्री | मंगळवार, सकाळी ९.२०

मी फासतो. सवय आहे.

सांगलीची_हळद | मंगळवार, सकाळी ११.३०

मंडळी, जल्लोष थांबवा. दोन्ही गोल ऑटोमॅटिक केले. ओके दाबलं. बंद करून चालू केला. नेट नाही.

आणि गंमत बघा, आता पत्ता १९२.१६८.१.३ आलाय, गेटवे १९२.१६८.१.१. मी काहीही भरलेलं नाही, शपथेवर. पुन्हा 'एक'चाच मोहल्ला कुठून आला?

कडूकारलं | मंगळवार, सकाळी ११.३४

एकच_वाक्य कुठे आहेत? सत्काराचा नारळ तयार होता.

एकच_वाक्य | मंगळवार, सकाळी ११.३५

नेटवर्क नाहीये, नंतर बोलतो.

नागपुरी_तर्री | मंगळवार, सकाळी ११.४८

विंडोज उडवून नवीन टाका काका. सगळंच नवीन होऊन जाते.

फोंड्याचो | मंगळवार, सकाळी ११.५५

घर पण नवीन बांधा.

मैत्रेयी_डोंबिवली | मंगळवार, दुपारी १२.२०

थांबा थांबा. कोणीही काहीही उडवू नका.

काकांची पहिली पोस्ट परत वाचा. 'फोनवर नेट चालतंय (बहुतेक वेळा)'. त्या कंसाकडे आपण कोणीच बघितलं नाही. बहुतेक वेळा का? काका, फोन अडतो तेव्हा काय करता?

सांगलीची_हळद | मंगळवार, दुपारी १२.४०

वायफाय बंद करून चालू करतो. एकदोनदा केलं की चालतं. मला वाटलं नवीन लाइन आहे, रुळेल हळूहळू.

शून्यएक | मंगळवार, दुपारी १.०५

मैत्रेयी, मान गये.

काका, काळी खिडकी उघडायची. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून एंटर, मग आयपीकॉन्फिग, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि लागून ऑल (सगळं इंग्रजीत, इथे मी देवनागरीत लिहितोय म्हणून तसंच टाकू नका). मोठी यादी येईल. 'इथरनेट'च्या खाली 'डीएचसीपी सर्व्हर' अशी ओळ असेल. तिच्यापुढे काय लिहिलंय? पत्ता कोणता मिळाला हे बघून झालं, आता तो दिला कोणी ते बघायचंय.

सांगलीची_हळद | मंगळवार, दुपारी १.४०

दोनदा देवनागरीतच टाकलं. तिसऱ्यांदा जमलं.

डीएचसीपी सर्व्हर १९२.१६८.१.१. त्याच्या वर 'लीज ऑब्टेन्ड' म्हणून आजची तारीख आणि सकाळी ११.१२ ची वेळ.

शून्यएक | मंगळवार, दुपारी १.४४

स्टिकरवर ०.१ आहे आणि पत्ता देणारा १.१ आहे. घरात दुसरा कोणीतरी पत्ते वाटत बसलाय. काका, जुना राउटर कुठे आहे?

सांगलीची_हळद | मंगळवार, दुपारी २.१०

अरे देवा.

टीव्हीच्या मागे आहे. चालू आहे. फायबर आलं दाराशी, नवीन डबा तिथेच भिंतीवर बसवला आणि कॉम्प्युटर आतल्या खोलीत, वायर पुरेना. त्या मुलाने नव्या डब्यातून वायर काढून जुन्या राउटरला जोडली आणि त्यातली पूर्वीची वायर कॉम्प्युटरला येतेच. म्हणाला 'काका असू दे हा इथेच, जोड म्हणून'. मला काय माहीत तो तिथे बसून पत्ते वाटतोय.

कडूकारलं | मंगळवार, दुपारी २.१५

रिटायर झाला तरी खुर्ची सोडत नाही. ओळखीची माणसं आठवली.

शून्यएक | मंगळवार, दुपारी २.३०

सगळं जुळलं. कॉम्प्युटर किंवा फोन हाक मारतो 'कोणी पत्ता देता का', ती हाक दोन्ही राउटरना ऐकू जाते आणि ज्याचं उत्तर आधी, त्याचा पत्ता घेतला जातो. नव्याने दिला तर नेट चालतं. जुन्याने दिला तर पत्ता व्यवस्थित, गेटवे व्यवस्थित, पण ते दार उघडतं भिंतीवर, कारण त्याच्या पलीकडची लाइन तुम्ही पंधरा दिवसांपूर्वीच बंद केलीत. फोन कधी याच्याकडे कधी त्याच्याकडे, म्हणून 'बहुतेक वेळा'. कॉम्प्युटर जुन्याच्या मांडीवरच बसलाय, त्यामुळे त्याला उत्तर बहुधा त्याचंच आधी. काल मी मोहल्ला वेगळा म्हटलं ते खरं होतं, पण त्या मोहल्ल्यात अजून कोणी राहतंय का हे विचारलं नाही, ती माझी चूक.

आता जुना राउटर काढून टाकायची गरज नाही. तो जोड म्हणूनच राहील, फक्त त्याची पत्ते वाटायची सही काढून घ्यायची. तुम्हाला १.३ मिळालाय हे बरंच झालं, त्याच्याच मोहल्ल्यात असल्यामुळे त्याचं दार उघडेल. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका, लॉगिन करा. तिथे 'लॅन' नावाच्या पानावर दोन कामं: डीएचसीपी सर्व्हर डिसेबल, आणि त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.०.२ करा म्हणजे उद्या त्याच्याकडे काही काम पडलं तर नव्या मोहल्ल्यातून सापडेल. नवा राउटर बहुधा १०० च्या पुढे वाटतोय, फोनला १०४ मिळालाय म्हणून म्हणतो, तरी २ मोकळा आहे ना हे त्याच्या वाटपाच्या यादीत बघून घ्या, एकच पत्ता दोघांनी लावला की कोणालाच धड चालत नाही. सेव्ह केलं की पान अडकल्यासारखं वाटेल, घाबरू नका, तो पत्ता बदलून निघून गेलाय.

आणि जुन्याच्या मागे एक वेगळ्या रंगाचं भोक असेल, वॅन लिहिलेलं. त्यात काहीही नको. सगळ्या वायरी लॅनमध्ये.

आयर्लंडवासी | मंगळवार, दुपारी ३.००

काका, लॉगिनचा पासवर्ड आठवत नसेल तर जुन्याच्या मागे बारीक भोक आहे, चालू असताना टाचणीने दहाएक सेकंद दाबून धरा, मूळ पासवर्डावर येईल. मात्र असं केल्यावर डीएचसीपी पुन्हा चालू झालेला असेल, तो बंद करायचं काम उरतंच.

सांगलीची_हळद | मंगळवार, रात्री ९.५०

कॉम्प्युटरवरून लिहितोय!!!

पासवर्ड आठवला नाहीच, स्टिकर घामाने की तेलाने पुसलेलं. सौ.च्या शिवणाच्या डब्यातली टाचणी. मग शून्यएक यांनी सांगितलं तसं सगळं. पान खरंच अडकलं, पाच मिनिटं छातीत धडधड. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, १९२.१६८.०.१०७ आला, गेटवे ०.१, डीएचसीपी सर्व्हर पण ०.१. नातीशी व्हिडिओवर बोललो मोठ्या पडद्यावर.

फक्त एक. प्रिंटर गायब झालाय. ऑफलाइन म्हणतो.

एकच_वाक्य | मंगळवार, रात्री ९.५२

प्रिंटर ऑटोमॅटिक करा, काका.

मैत्रेयी_डोंबिवली | मंगळवार, रात्री १०.१०

यावेळी अर्धं बरोबर आहे त्यांचं. प्रिंटरलाही त्याच मुलाने 'एक'च्या मोहल्ल्यात पत्ता कोरून ठेवला असणार. प्रिंटरच्या स्वतःच्या मेनूत जाऊन ऑटो करा, तो नव्या भागात येईल. पण ऑटोमध्ये त्याचा पत्ता कधीतरी बदलेल आणि कॉम्प्युटर पुन्हा जुन्या ठिकाणी शोधत बसेल, म्हणून नव्या राउटरच्या पानावर 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' असतं तिथे प्रिंटरचा मॅक नंबर (प्रत्येक यंत्राचा स्वतःचा ओळख नंबर) टाकून एक पत्ता राखून ठेवा. पत्ता राउटरच देणार, पण त्याला नेहमी तोच. मग कॉम्प्युटरवरचा जुना प्रिंटर काढून नव्या पत्त्याने पुन्हा जोडा. प्रिंटरमध्ये हाताने कोरण्यापेक्षा हे बरं, उद्या राउटर बदललात तरी प्रिंटर आपोआप नव्याच्या भागात येतो, फक्त राखीव जागा परत लिहायची. फोनला मात्र हे करायला गेलात तर आधी त्याचं 'रँडम मॅक' बंद करा, हल्लीचे फोन राउटरला खरा नंबर सांगत नाहीत.

सांगलीची_हळद | बुधवार, सकाळी ७.१५

प्रिंटर आला. राखीव जागा ०.६० दिली, लेडीज सीटसारखी.

पहिलं पान छापलं ते पोस्टमनसाहेबांचा प्रतिसाद, आणि त्याखाली पेनने घरातले सगळे पत्ते लिहिले: नवा राउटर १, जुना राउटर २, प्रिंटर ६०, बाकीचे येतील ते. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. सौ. म्हणते त्या दाराला विमा, गॅस, वीज, एलआयसी, आता जागा नाही.

माडाखाली | बुधवार, सकाळी ९.४०

अभिनंदन काका. मी कंपनीला फोन केला, स्टॅटिक आयपी देता का विचारलं. बाई म्हणाल्या 'सर, तुमचा पत्ता आमच्याकडे आहे'. मी म्हटलं तो नाही. त्या म्हणाल्या मग कोणता, आधार कार्डावरचा का?

जुनापोस्टमन | बुधवार, सकाळी ९.५५

त्यांना म्हणावं, पीपी आहे.